टँकरवरील एक फसवे विशेषण

सेलवासनजीकच्या मसाट येथील औद्योगिक वसाहतीत मराठी, गुजराती, हिंदी, वारली अशा नाना बोलींचे कामगार एकत्र राबतात. इंधनाच्या टँकरांवर मात्र अनेकदा इंग्रजी अक्षरे असतात: ‘हायली इन्फ्लेमेबल’. ‘इन्करेक्ट’ म्हणजे चूक, ‘इन्कम्प्लीट’ म्हणजे अपुरे, असे शाळेत शिकलेल्या आपल्या मुलाने याचा अर्थ ‘न पेटणारे’ असा केला, तर त्यास दोष कसा द्यावा? खरा अर्थ नेमका उलट आहे: चटकन पेट घेणारे, ज्वालाग्राही. येथील ‘इन’ नकाराचा नव्हे, तो लॅटिनमधील ‘आत’ या अर्थाचा. (आपल्या ‘अमूल्य’मध्ये तर नकार असूनही वस्तू कवडीमोल ठरत नाही!) या गोंधळापायीच अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९२०च्या दशकात ‘फ्लेमेबल’ या रूपाचा आग्रह धरला. अर्थ एकच, धोका कमी. म्हणून ‘पेट्रोल इज फ्लेमेबल’ म्हणावे. न पेटणाऱ्यास ‘नॉन-फ्लेमेबल’. भडकाऊ भाषण तेवढे ‘इन्फ्लेमेटरी’. आणि थिनरच्या पिंपावर, आमच्या मते, ज्वालेच्या चित्राखाली ‘ज्वालाग्राही’ हा शब्द मराठी व गुजराती अशा दोन्ही लिप्यांत ठळक रंगवून घ्यावा.