चुलीपुढची शागिर्दी

राजाने पाकशास्त्रावर ग्रंथ रचावा, आणि त्याच राजाच्या मुलुखातील रयतेच्या चुलीवर काय शिजते याची वास्तपुस्त पुढे छापखान्यांच्या काळातही फारशी कोणी करू नये, असा विलक्षण योग मराठवाड्याच्या नशिबी आला आहे. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण असून मांडे, पोळ्या, वडे, पुऱ्या आणि नाना प्रकारची मांसान्ने यांचे वर्णन त्यात मोठ्या चोखंदळपणाने केलेले आहे. ते कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. लातूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की लागते. परंतु छापील मराठी पाकपुस्तकांची परंपरा वाढली ती इतरत्र. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली निघाले आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली. दोन्ही ग्रंथ थोर, दोहोंनी पिढ्यान्पिढ्यांचे संसार चालविले. पण त्यांचे स्वयंपाकघर पाठारे प्रभूंच्या मुंबईचे किंवा सांगलीकडचे. अंबाडी, येसर, आंबील आणि भज्जी यांचे दप्तर मराठवाड्यातील बायकांच्या हातातच राहिले, आणि ज्याला ते वाचावयाचे असेल त्याला त्यांच्या चुलीपुढे शागिर्द म्हणून बसण्यावाचून गत्यंतर नाही.

परक्याच्या घरी राहून त्याचा स्वयंपाक शिकण्याचा परिपाठ जगात नवा नाही, आणि बाली बेटाने तर त्याचा आता एक व्यवसायच केला आहे. तेथील कुटुंबे पाहुण्याला पहाटेच बाजारात नेतात, आले, हळद, कोळिंजन, लसूण, मिरची, धने अशा अनेक जिनसांचे ‘बासा गेनेप’ नावाचे वाटण त्याच्याच हातून वाटून घेतात, आणि स्वयंपाक उरकला की केळीच्या पानाच्या चिमुकल्या तुकड्यांवर भाताचा अंश ठेवून तो देवतांना व भूतमात्रांना अर्पण केल्याशिवाय कोणी घास घेत नाही, हेही त्याला दाखवितात. त्यांचे स्वयंपाकघर वाड्याच्या दक्षिणेस असते, कारण ती दिशा ब्रह्मदेवाची व अग्नीची. नैवेद्याचा शिरस्ता आणि अग्नीची नेमलेली दिशा ज्याच्या अंगवळणी आहे अशा मराठी माणसास यात परके ते काय वाटावे? फरक एवढाच की बालीत या विद्येचे मोल ठरले आहे, आणि आमच्याकडे ती फुकटात मिळते म्हणून तिची किंमत कोणी करीत नाही.

आम्ही ही शागिर्दी केली ती कंधारला. कंधार हा नांदेड जिल्ह्यातील जुना कसबा. राष्ट्रकूटांशी नाते सांगणारा खंदकवेढा भुईकोट, मन्याडचे पात्र, दर्गा आणि त्याचा उरूस, आणि गावाचे नाव ज्यांनी दूरवर नेले ती तांबड्या वर्णाची लाल कंधारी गुरे, एवढी त्याची मिळकत. ही जात मुख्यत्वे औताची. दूध बेताचे, त्यामुळे ताकाला येथे मान आहे आणि ते सांडणाऱ्याला बोलणी खावी लागतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि शेजारच्या मुसलमान घरांतला दालचा व बगारा भात हिंदू घरांतल्या जिभांनाही ओळखीचा झाला तो त्या काळापासून. तथापि येथील अन्नाचा पाया कोणत्याही राजवटीने घातलेला नाही; तो काळ्या जमिनीने आणि रब्बीच्या ज्वारीने घातला आहे.

म्हणून पहिला धडा भाकरीचा. पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर ही ज्वारी येते. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ ची, पुढे दिलेली ‘परभणी मोती’ ही तिची नावाजलेली वाणे होत. ज्वारीत गव्हाप्रमाणे चिवटपणा देणारे ग्लूटेन नसते, त्यामुळे तिचे पीठ गार पाण्यात कितीही मळले तरी थापताना फाटते. आधणाचे पाणी घातले म्हणजे पिठातील पिष्ट फुगून चिकट होते आणि तोच चिकटपणा भाकरी सांधून धरतो. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी गेलेली असते, आणि तसल्या पिठापुढे हाताचे कसब चालत नाही. हे सारे शास्त्र आम्ही राहिलो त्या घरच्या आजींना ठाऊक होते. त्या ते या शब्दांत सांगत नसत, इतकेच. पाण्याचे माप विचारले तेव्हा काठवटीवरचा हात न थांबवता त्या म्हणाल्या, ‘‘हाताला कळतंय माय, मापट्याला काय कळतंय!’’ एका वेळी एका भाकरीपुरतेच पीठ घ्यावे, तळहाताने रगडून रगडून मळावे, कोरड्या पिठावर थापीत फिरवावे, तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवून तिच्यावरून पाण्याचा हात फिरवावा, ते पाणी सुकते न सुकते तोच भाकरी उलटावी आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर ती टम्म फुगू द्यावी. यातील प्रत्येक पायरीला क्षण नेमलेला आहे, आणि तो घड्याळात सापडत नाही. गॅसच्या शेगडीवरही भाकरी होते. पण आजींचे मत तिच्याविषयी फारसे अनुकूल नव्हते, आणि दोन्ही खाऊन पाहिल्यावर आमचेही राहिले नाही.

भाकरीच्या जोडीला अंबाडीची भाजी. आंबट पाला उकडून त्याचे पाणी पिळून टाकावयाचे, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून तो घोटावयाचा, आणि पानात वाढल्यावर मधोमध खळगा करून त्यात लसणाची व सुक्या मिरचीची कडकडीत फोडणी ओतावयाची. ही फोडणी करडईच्या तेलाचीच हवी, असा घरोघरचा आग्रह असे. परभणीच्या विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाणही दिले, पण काटेरी पिकाची काढणी नकोशी झाली, सोयाबीनने खरीप व्यापला, घाणे बंद पडत गेले आणि दुकानातल्या शुद्धीकृत तेलाच्या पिशवीने करडईला घराबाहेर काढले. पीक गेले की पदार्थ जातो. जुन्या नावाने उरतो तो निराळाच काही असतो. सोयाबीनला दूषण देण्यात अर्थ नाही, त्याने हाती रोख पैसा दिला हे कोणी नाकारणार नाही. परंतु बांधावरची अंबाडी, कारळे, जवस, हुलगे हे सारे त्याच्या पायी आक्रसले आणि त्याबरोबर चटण्यांची, माडग्याची व शेंगोळ्यांची घरेही बसली, ही नोंद कोणीतरी करावयास हवी.

येसराविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. गहू, ज्वारी, डाळी असे धान्य आणि धने, जिरे, मिरची, दगडफूल असे मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळले की येसर होते. ते पाण्यात कालवून उकळले की आमटी. लग्नघरच्या पंगतीत हिचा मान मोठा. भाजण्यात घाई झाली तर आमटीला कच्चट वास येतो, एवढेच ध्यानात ठेवले तरी पुरे.

या शिक्षणाची खरी परीक्षा मात्र वेळ अमावस्येला, म्हणजे लोकांच्या तोंडच्या येळवशीला, मार्गशीर्ष अमावस्येच्या दिवशी होते. लातूर, धाराशिव, नांदेड जिल्ह्याचा कंधारकडचा दक्षिण भाग आणि सीमेपलीकडील बिदर-कलबुर्गी एवढ्या टापूत या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात; लातूर जिल्ह्यात तर जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. माळेगावच्या खंडोबाची यात्राही याच सुमारास भरते. ते माळेगाव आज लोहा तालुक्यात असले तरी लोहा पूर्वी कंधार तालुक्यातच होते. आदल्या दिवसापासून घरातील बायकांना उसंत नसते. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे सोलावयाचे, भुईमुगाचे दाणे भिजवावयाचे, मेथी, कांद्याची पात, गाजर निवडावयाचे, चिंच कोळावयाची, आणि रात्री या सर्वांची बेसन लावून भज्जी रटरटू द्यावयाची. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, शेतात त्या घटकेला जे जे उभे आहे त्या सर्वांची ती एका पातेल्यातली जमाबंदी आहे. तिच्यासाठी लागणारी चिंच आणि तूर याच प्रदेशाची. निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला आणि बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

भज्जीची जोडीदारीण आंबील. ज्वारीचे पीठ ताकात भिजवून आंबू द्यावे, मग शिजवून निववावे आणि लसूण, जिरे, मीठ व पुन्हा ताक घालून मातीच्या बिंदग्यात भरावे. मातीचे भांडे पाझरते, पाझरलेले पाणी वाऱ्याने उडते आणि आतली आंबील दुपारच्या उन्हातही गार राहते. बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर असा सारा सरंजाम डोक्यावर घेऊन बायका शेतात जातात. तेथे कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून बसविलेले असतात; त्यांची पूजा होते, नैवेद्य होतो, आणि घरधनी शेताच्या चारी बाजूंनी चर, म्हणजे अन्नाचा अंश, शिंपडीत फिरतो. भूमीला अन्नाचा वाटा दिल्यावरच पंगत बसते, आणि त्या पंगतीला वाटसरूलाही बोलावून बसविण्याचा रिवाज आहे. चर शिंपडणाऱ्या या हाताचे आणि केळीच्या पानावर भाताचे शीत ठेवणाऱ्या बालीतील हाताचे गोत्र एकच आहे, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

आता व्यवहाराचे बोलावे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले, न्याहारी-निवास योजनाही आहे. परंतु या धोरणांचा लाभ आजवर पुण्या-मुंबईच्या आसपासच्या शिवारांना जितका झाला तितका मन्याडकाठच्या शिवारांना झालेला नाही. येथे हवेल्यांचे झरोके आणि भित्तिचित्रे पाहावयास पाहुणा येणार नाही. तो आलाच तर भाकरीसाठी येईल, आणि भाकरी शिकविणारी बाई ही या उद्योगाची खरी मालक आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या हाती पैसा आणि जिच्या हाताला चव तिच्या हाती राख, असा हिशेब चालू राहिला तर सुना ही विद्या शिकणार नाहीत, आणि त्यांनी ती का शिकावी याचे उत्तर आमच्यापाशीही नाही. कृषी विद्यापीठाने वाणांची नोंद ठेवली तशी गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनींना गावोगाव बसवून या पाककृतींचीही नोंद करावी, ही सूचना नम्रपणे पण आग्रहाने करावीशी वाटते.

वाचकांपैकी ज्यांना हे शिकावयाचे असेल त्यांनी आपल्या ओळखीतले मराठवाड्यातील एखादे घर शोधावे, मार्गशीर्ष अमावस्येच्या दोन-तीन दिवस आधीच तेथे पोचावे, सोलावयाच्या शेंगांपासून कामाला हात लावावा, आणि निघताना जो मोबदला द्यावयाचा तो चुलीपुढे बसणारीच्या हाती द्यावा. अमावस्येच्या दिवशी मात्र लातूरच्या बाजारपेठेत एखादी खानावळ उघडी सापडेल असा भरवसा धरू नये. शेताचे आवतण आधी पक्के करून मगच घराबाहेर पडावे.