सुईचे भय

पुण्याच्या हडपसर भागात १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या लसी जगातील अनेक देशांतील मुलांना टोचल्या जातात. १२ जानेवारी १९२१ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १२ जानेवारी २०२१ रोजी, कोरोनावरील लसीचे पहिले खोके येथूनच देशभर रवाना झाले. परंतु याच पुण्यात सुई दिसताच ज्यांचे हातपाय थरथरू लागतात, अशी मुलेही पुष्कळ आहेत. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांवरील लस टोचून घ्यावयाची असते. तो दिवस जवळ आला की काहींची झोपच उडते.

या भयाची लाज बाळगण्याचे कारण नाही. मोठ्या माणसांनाही ते वाटते. अणकुचीदार वस्तू अंगात शिरू लागली की सावध व्हावे, अशी निसर्गाचीच योजना आहे. काटा किंवा विंचवाची नांगी यांपासून हीच सावधगिरी आपल्याला वाचविते. लस देणारी सुई मात्र सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची असते. तिच्यातून बहुधा अर्धा मिलिलीटर, म्हणजे अदमासे दहा थेंब औषध शरीरात जाते आणि काही क्षणांतच सारे आटोपते. तरीही मन तिला शत्रूच समजते.

इतर भयांहून हे भय थोडे वेगळे आहे. कुत्रा अंगावर धावून आला, तर आपली छाती धडधडते. पण आपण सहसा बेशुद्ध पडत नाही. सुईच्या भयात काही जणांचे हृदय प्रथम जलद चालते आणि मग एकाएकी मंदावते. रक्ताचा दाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पोचते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि घेरी येते. हा शरीराचा धर्म आहे. याला भित्रेपणा म्हणू नये.

मग सुई टाळलीच तर? याचे उत्तर इतिहासात सापडते. १८९७ साली पुण्यात प्लेगने हाहाकार माजविला. रुग्णांची शुश्रूषा करीत असताना सावित्रीबाई फुले यांनाही त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली. लोकांना ती टोचून घेण्याचे भय वाटे. १० जानेवारी रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली. पण ते लवकरच बरे झाले. देवीच्या रोगाचे तर लसीने समूळ उच्चाटन झाले आणि १९८० साली जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

या भयावर उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे ते बोलून दाखविणे. ‘मला सुईची भीती वाटते, पूर्वी घेरी आली होती,’ असे परिचारिकेला आधीच सांगावे. म्हणजे ती तुम्हांला निजवून सुई टोचील. ज्यांना घेरी येते त्यांनी पायांचे, पोटाचे व मोकळ्या हाताचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळावेत, चेहरा उबदार वाटू लागला की सैल सोडावेत, वीस-तीस सेकंद थांबावे आणि असे पाच वेळा करावे. त्यामुळे रक्ताचा दाब उतरत नाही. ज्या दंडात सुई टोचावयाची तो मात्र सैलच ठेवावा. ताठ स्नायूत सुई अधिक दुखते. सुईकडे पाहिलेच पाहिजे असे नाही. एखादी गोष्ट आठवावी किंवा उलटे अंक मोजावेत. भय फारच मोठे असेल, तर पायरीपायरीने जावे: आधी सुईचे चित्र पाहावे, मग खरी सुई, मग दुसऱ्याला लस टोचताना पाहावे.

टोचून झाल्यावर थोडा वेळ बसून राहावे, लगेच उठून धावू नये. शेजारी एखादा मित्र घाबरून बसला असेल, तर त्याला हसू नये. त्याचा हात हाती घ्यावा आणि स्नायू कसे आवळावेत, ते त्याला शिकवावे.