फांद्या तोडल्या, आता त्यांचं करायचं काय?

२०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात शिरलेलं पाणी, तुंबलेले रस्ते, रखडलेल्या लोकल यांवर भरपूर लिहून झालं आहे. मला बोलायचं आहे ते पाऊस लवकर आल्याने अर्धवट राहिलेल्या एका कामाबद्दल. पावसाळ्याआधी फांद्या छाटायच्या, हे मुंबई-पुण्यात दर उन्हाळ्यात चालतं. रस्त्यावरची झाडं पालिका छाटते. खासगी आवारातल्या झाडांसाठी सोसायटीने परवानगी काढून माणसं लावायची असतात. त्या वर्षी पावसाने सगळ्यांना मध्येच गाठलं. कुठे फांद्या झाडावरच राहिल्या आणि वाऱ्याने खाली आल्या, कुठे तोडून झाल्या पण उचलायच्या राहिल्या. जून संपत आला तरी पंपरूमच्या मागे, पार्किंगच्या कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीला लागून ढीग पडून होते.

असा ढीग जवळ जाऊन बघा. गुलमोहराची फांदी तोडून आठवडा झाला की तिची बारीक पानं झडतात, पाण्याबरोबर वाहत जातात आणि गटाराच्या जाळीवर हिरवट लगद्यासारखी चिकटून बसतात. उरतात त्या आडव्यातिडव्या डहाळ्या. त्या एकमेकींत अशा अडकतात की ढीग खाली बसतच नाही. आतल्या पोकळीत आधी उंदीर-घुशी येतात, मग त्यांच्या मागावर साप. कुणीतरी फेकलेल्या शहाळ्यात पाणी साचतं आणि डासांची सोय होते. एकदा ढीग दिसला की लोक आपापली अडगळ तिथे आणून टाकतात, जुनी गादी, फुटका कमोड. मग तो कुणाच्याच अखत्यारीत राहत नाही. घंटागाडीवाले फांद्या घेत नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही; ती गाडी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठी असते. छाटणीवाला म्हणतो, पैसे तोडायचे ठरले होते, उचलायचे नाहीत. शेवटी ‘छोटा हत्ती’ टेंपो बोलवावा लागतो.

टेंपोवाला खेपेवर पैसे घेतो आणि तिथेच सोसायटी बुडते. अख्ख्या फांद्या भरल्या की हौद्यातली बहुतेक जागा हवाच अडवते. दोरी आवळून, वर माणूस चढवून दाबलं तरी फार फरक पडत नाही. चार खेपांचे पैसे मोजून आपण जेमतेम एका खेपेचं लाकूड बाहेर पाठवतो. तेच लाकूड आवारात बारीक केलं, तर ढिगाचा आकार कितीतरी पटींनी उतरतो आणि मग ते बाहेर पाठवायची गरजच उरत नाही.

बाहेर म्हणजे कुठे, हेही विचारायला हवं. नदीकाठ, टेकडीचा पायथा, काम थांबलेला एखादा प्लॉट. मग तिथे काडी लागते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या ढिगाला २५ हजार रुपये दंड सांगितला. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेतला कचरा वेगळा ठेवायला सांगितलं. ताज्या लाकडात साधारण निम्मं वजन पाण्याचं असतं. असं लाकूड पेटवलं की उष्णता पाणी उडवण्यातच जाते, आच मंद राहते आणि अर्धवट जळालेले कण व कार्बन मोनॉक्साइड घेऊन धूर जमिनीलगत पसरतो. शेजारच्या इमारतीतल्या दम्याच्या रुग्णाला तो पहाटेपर्यंत पुरतो.

या सगळ्या प्रकरणात माझं म्हणणं एकच आहे: फांदीची जाडी मोजा. सगळ्या फांद्यांना एकाच ढिगात ढकलणं, हेच मूळ दुखणं आहे.

याला भक्कम आधार मिळतो कॅनडातल्या क्वेबेकमध्ये. १९७० च्या दशकात तिथले वन खात्यातले अधिकारी एडगर गे यांनी छाटलेल्या बारीक फांद्यांचा चुरा शेतात घालून बघायला सुरुवात केली. पुढे लाव्हाल विद्यापीठाच्या जिल लमिअ यांनी त्यामागचं शास्त्र मांडलं. त्यांनी एक रेघ आखली, ७ सेंटिमीटर व्यासाची. मनगटापेक्षा थोडी जाड फांदी डोळ्यांसमोर आणा. त्याहून बारीक फांद्यांमध्ये झाडाच्या अन्नद्रव्यांचा मोठा वाटा असतो, कारण झाडाची वाढ तिथेच चालू असते. साल, कोवळं लाकूड, कळ्या, सगळं तिथे. बुंध्याच्या लाकडात कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण चारशेला एक किंवा त्याहूनही विषम असतं. बारीक फांद्यांत ते तीसला एकपासून एकशे सत्तरला एकपर्यंत येतं. चांगल्या कंपोस्टला पंचवीस-तीसला एक लागतं. म्हणजे टोकाकडची डहाळी खताच्या जवळ जाऊन पोचलेली असते आणि बुंधा सरपणाकडे झुकलेला असतो. लमिअ यांचा भर होता बुरशीवर. लाकडातलं लिग्निन फोडून त्याचा टिकाऊ ह्यूमस करायचं काम जंगलात बुरशी करते, आणि तिला खायला लागतं ते हेच कोवळं लाकूड. सूचिपर्णी झाडांबाबत ते सावध होते. ती अडचण आपल्याकडे जवळजवळ नाहीच. आपल्या आवारात गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, आंबा, बदाम.

कोकणातल्या शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजायचा तर ऐन, किंजळ अशा झाडांचा टाहाळ तोडून वाळवायचा, शेण आणि पाचोळ्याबरोबर वाफ्यावर पसरायचा आणि पेटवायचा. बुंध्याला हात लावायचा नाही, घ्यायची ती पानांसकट बारीक फांदीच. हा टाहाळ रयतेच्या इतका जिव्हाळ्याचा होता की इंग्रजांनी जंगलांवर निर्बंध आणल्यावर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष उसळला आणि १८८५ मध्ये सरकारला मुंबई इलाख्याचा वन आयोग नेमावा लागला. राब जाळणं आज नको, त्याला पर्याय आहेत. पण ज्या काटक्यांसाठी आपले पणजोबा सरकारशी भांडले, त्याच काटक्या बाहेर फेकण्यासाठी आपण टेंपोवाल्याला पैसे देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि श्रीपाद दाभोळकर तर आपलेच. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक, प्रयोग परिवाराचे जनक, ‘विपुलाच सृष्टी’चे लेखक. शेतकऱ्याने आपल्या शेताची प्रयोगशाळा करावी, हे सांगत ते महाराष्ट्रभर फिरले. द्राक्ष बागायतदारांच्या एका पिढीवर त्यांचा ठसा आहे. शहरातल्या गच्चीवर पाचोळा, उसाचं चिपाड, काटक्या यांच्यापासून माती घडवता येते, हेही त्यांनी लोकांकडून करवून घेतलं. माती विकत आणायची वस्तू नाही, ती घरी करायची गोष्ट आहे, हा त्यांचा आग्रह होता. आज सोसायट्या नर्सरीतून लाल मातीची पोती मागवतात आणि त्याच आठवड्यात फांद्या बाहेर पाठवतात. दाभोळकर हयात असते, तर त्यांनी सचिवांना समोर बसवून दोन्ही बिलं शेजारी-शेजारी मांडली असती, असं मला खात्रीने वाटतं.

तर करायचं असं. फांदी पडली किंवा तोडली की पानं ओली असतानाच हात घाला. दोन-तीन दिवस गेले की लाकूड चिवट होतं आणि कोयता उसळतो. बोटाएवढ्या डहाळ्या ओंडक्यावर ठेवून कोयत्याने वीतभर लांबीच्या करता येतात; एखाद्या झाडापुरतं हे काम माळीदादा सहज उरकतात. अंगठ्यापासून मनगटापर्यंतच्या फांद्यांसाठी श्रेडर लागतो. विजेवर चालणाऱ्या छोट्या यंत्रात दीड-दोन इंच जाडीपर्यंतचं जातं, डिझेलवरच्या मोठ्या यंत्रात त्याहून बरंच जाड. प्रत्येक सोसायटीने यंत्र विकत घ्यायची गरज नाही. चार सोसायट्यांनी मिळून दिवसभरासाठी भाड्याने आणलं तरी भागतं. यंत्रात फांदी बुंध्याकडच्या टोकाने घालायची, हात तोंडापासून लांब, सैल ओढणी-पंचा नको. हे सांगावं लागतं, कारण अपघात होतात.

चुरा झाला की त्याची पहिली जागा कंपोस्टच्या खड्ड्यात. ज्या सोसायट्यांचे खड्डे वास मारतात, तिथे बहुतेकदा ओला कचरा जास्त आणि कोरडा कर्ब कमी असतो. बादलीभर ओल्या कचऱ्यावर बादलीभर चुरा टाकला की पाणी शोषलं जातं, हवा खेळते आणि वास उतरतो. दुसरी जागा झाडांची आळी. दोन-तीन इंचांचं आच्छादन करा, खोडापासून वीतभर अंतर सोडा. नवा चुरा कुंडीतल्या मातीत कालवू नका, कारण त्याला कुजवणारे जीव सुरुवातीला मातीतलंच नत्र खेचतात आणि पानं पिवळी पडतात. वर पसरला तर हा त्रास होत नाही. वाळवीची भीती सगळ्यांना असते, म्हणून इमारतीच्या जोत्यापासून तो फूटभर लांब ठेवा. पिठ्या ढेकणाने किंवा बुरशीने ग्रासलेली फांदी मात्र आच्छादनात नको.

शेवग्याची गोष्ट निराळी. वाऱ्यात पहिला मोडतो तो शेवगा. त्याची मनगटाएवढी, तीन-चार फुटांची सरळ फांदी पावसाळ्यात जमिनीत रोवली तर फुटते. गिरिपुष्पाचंही तसंच.

मनगटापेक्षा जाड ओंडक्यांचा प्रश्न मात्र आता अवघड झाला आहे. मुंबईत लाकडाला एक गिऱ्हाईक ठरलेलं होतं, बेकरीची भट्टी. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. ती मुदत जुलै २०२५ मध्ये संपत होती. निर्णय योग्य आहे, भट्टीच्या आसपास राहणाऱ्यांनी तो धूर वर्षानुवर्षं सोसला आहे. पण मग वखारीतलं लाकूड जाणार कुठे? पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत बसवली आणि २००२ मध्ये तिला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. बंद पिंपात पाचट भरून बाहेरून तापवायचं, निघणारा वायूच भट्टीत जाळायचा, असं ते तंत्र. ते फांद्यांच्या तुकड्यांवर वापरून बघायला हवं. पालिकांनी आता हे प्रभागाच्या पातळीवर मनावर घ्यावं: प्रत्येक प्रभागात एक मोकळी जागा, एक मोठा श्रेडर, एक कोळशाची भट्टी.

ढीग मुळात कमी व्हावा, हेही छाटणाऱ्याच्या हातात असतं. झाडाचा शेंडा उडवला की त्या जागी झपाट्याने धुमारे फुटतात, त्यांची पकड वरवरची असते आणि दोन-चार पावसाळ्यांत तेच मोडून खाली येतात. जड फांदी तीन कापांत उतरवायची असते: आधी खालून अर्धवट खाच, मग थोडं पुढे वरून काप, आणि शेवटी फांदी जिथे खोडाला मिळते त्या फुगवट्याच्या बाहेर तिसरा. यात सालीची चीर खोडावर उतरत नाही आणि जखम भरून येते. आपल्याकडे सरसकट कुऱ्हाड चालते. वृक्ष प्राधिकरणाने परवानगी देताना किती फांद्या तोडणार, याबरोबरच त्यांचं पुढे काय करणार, हेही लिहून घ्यावं आणि नंतर येऊन बघावं.

सोसायट्यांना तर त्याचीही वाट बघायला नको. पुढच्या छाटणीचा दर मागवताना एकाच कागदावर तीन कामं लिहून द्या: फांद्या तीन कापांत उतरवणं, सात सेंटिमीटरखालचं सगळं बारीक करून आवारातच पसरणं, आणि ओंडके दीड-दीड फुटांचे कापून जोत्यापासून लांब रचणं. दर तिन्हींचा मिळून घ्या, आणि तोही फेब्रुवारीत.