माडावर चढायचं कसं?

मागच्या मे महिन्यात मालवणजवळ मामांच्या वाडीत नारळ पिकून आपोआप पडत होते. दोनदा कौलं फुटली. मामांनी आम्हाला माडाखालून जायलाच बंदी केली. कारण? नारळ काढणारे पाडेली काका थकले आणि त्यांची मुलं मुंबईला गेली. कोल्हापुरात गाड्यावर शहाळं पिताना ते झाडावरून कोणी काढलं, हा विचार आपल्या डोक्यातही येत नाही!

मग हे काम शिकतात कसं? जुनी पद्धत म्हणजे बापाच्या हाताखाली. आधी नारळ गोळा करायचे, मग ठेंगण्या माडावर चढायचं, मग उंच. पायांत दोरीचं कडं अडकवून तळवे खोडावर दाबायचे. हात फक्त मिठी मारायला, वजन उचलतात ते पाय. सगळा खेळ फ्रिक्शनचा. (त्याला मराठीत घर्षण म्हणतात, हे मला कॉन्व्हेंटवालीला फार उशिरा कळलं!) पावसात खोड निसरडं झालं की हे गणित बिघडतं. उंच जातीचा माड १५ ते २० मीटर, म्हणजे पाच-सहा मजले. पडलं तर संपलंच.

काही जण खोडाला खाचा पाडतात. चढणं सोपं होतं, पण आंब्यासारखी माडाची जखम भरून येत नाही आणि अशा जखमांतून सोंड्या भुंगा आत शिरतो.

दुसरा मार्ग यंत्राचा. केरळमधल्या चेंबेरी गावच्या एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने ते बनवलं. दोन पायांना दोन चौकटी, प्रत्येकीला खोडाभोवती तारेच्या दोरीचा वेढा. पायावर वजन टाकलं की वेढा आवळतो, पाय उचलला की सैल होतो. म्हणजे आपलंच वजन आपल्याला धरून ठेवतं! नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात सहा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं, तेही या यंत्रावर. पण त्यात नुसतं चढणं नाही. शेंडा साफ करणं, कीड-रोग ओळखणं हेसुद्धा शिकवतात.

असं का, ते मला वाडीत कळलं. मामांनी यंत्र आणलं. बेल्ट लावून, काकांना खाली उभं करून मी एका ठेंगण्या माडावर चढले. अर्धा तास लागला, पण पोचले! खालून काकांनी विचारलं, "कुठली पेंड तयार झाली गो?" मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. काका हसले. म्हणाले, "चढूक कोणय शिकता, बाय. वर काय बघूचा, ता शिकाक वर्सां जातत."

नारळ तयार व्हायला साधारण वर्ष लागतं, शहाळ्याला सहा-सात महिने. झावळीवर त्रिकोणी काप दिसले की गेंड्या भुंगा आलाय समजायचं. त्या दिवशी काकांनी खालूनच एवढं शिकवलं. बाकीचं अजून त्यांच्या डोक्यातच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी परत जाणार आहे. यंत्र काय, बाजारात कधीही मिळेल. काका सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत.