फवारणीआधी पेन्सिल

पावसाची झड चार दिवस लागून राहिली की काळ्या रानातलं सोयाबीन पिवळं पडू लागतं. मेहकर तालुक्यातल्या जानेफळच्या शिवारालाही हे नवं नाही. मग एखादं रोप उपटून कृषी केंद्रात नेलं जातं, 'पिवळं पडलंय' एवढंच सांगितलं जातं आणि औषधाची बाटली घरी येते. फवारणी ठरते, पान मात्र नीट पाहिलेलंच नसतं.

तेच पान वहीत काढून पाहा. पेन्सिल टेकवताच प्रश्न सुरू होतात. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दाखवायचा, की बुडाच्या जुन्या? शिरा हिरव्या ठेवायच्या का? रंग सलग भरायचा, की चट्ट्याचट्ट्यांनी?

उपाय या उत्तरांवरच ठरतो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर बहुधा लोह कमी पडलंय. जुन्या पानांतलं लोह नव्या पानांकडे सहज सरकत नाही आणि चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या जमिनीत मुळांना ते मिळत नाही. अशा वेळी साचलेलं पाणी काढणं, वाफसा येताच डवरणी आणि फेरस सल्फेटची फवारणी कामी येते. जुनी पानं आधी फिकट पडली, तर संशय नत्रावर. झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची सरमिसळ दिसली, तर पिवळा मोझॅक. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. रोगट रोप उपटून नष्ट करावं लागतं.

नजर अशी घडवावी लागते, याचा जुना दाखला चंद्राचा आहे. 1609 मध्ये इंग्लंडच्या थॉमस हॅरियटनं दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं चित्र काढलं, ते गॅलिलिओच्या काही महिने आधी. पण त्यात डोंगर नाहीत. छायाप्रकाशाच्या चित्रणाची जाण असलेल्या गॅलिलिओनं चंद्रावरच्या डागांत डोंगरांच्या सावल्या ओळखल्या.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात नेऊन चित्रांचं बारकाईनं वर्णन करायला लावलं. या विद्यार्थ्यांना नंतर रुग्णांच्या छायाचित्रांतले बारकावे अधिक चांगले टिपता आले, असं 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

चित्र देखणं यायची गरज नाही. पुढच्या वेळी सोयाबीन पिवळं पडलं, तर दहा मिनिटं बांधावर बसा, शेंड्याचं एक आणि बुडाचं एक पान वहीत काढा. सहायक कृषी अधिकाऱ्याला ती वही दाखवा. पंप त्यानंतर भरा.