वितळल्या बिडाचे पात्र

हिंगोलीहून वाशीमकडे निघालेल्या प्रवाशास वऱ्हाडच्या सरहद्दीपाशी कनेरगाव नाका लागतो. तेथल्या शिवारातील विहिरीवर जो पंप चालतो, त्याचे बिडाचे अंग एके काळी पाण्यासारखे पातळ होते आणि भट्टीपासून साच्यापर्यंतचा पहिला प्रवास त्याने एका पात्रातून केला, ही गोष्ट पंपाच्या मालकाच्या सहसा गावीही नसते. त्या पात्रास ओतशाळेत लेडल म्हणतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली, तेथे आधी नांगर आणि १९२६ पासून पंप तयार होऊ लागले. पुढे कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथे ओतशाळांची गर्दी झाली. कोकवर चालणाऱ्या क्युपोलाची जागा बहुतेक ठिकाणी विजेच्या भट्टीने घेतली, तरी लेडलवाचून कोणाचेच भागलेले नाही.

दिसावयास हे जाड पत्र्याचे ओबडधोबड भांडे. परंतु आतील बीड सुमारे १३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते आणि त्याच्या एका लिटरचे वजन सात किलोच्या आसपास भरते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचा प्रत्येक अवयव कोणत्या ना कोणत्या जोखमीच्या बंदोबस्तासाठी योजिला आहे, हे उमगते. बाहेरचे पोलादी कवच म्हणजे शेल. त्याची मजबुती या उष्णतेपुढे टिकणारी नसल्यामुळे आतून अग्निविटांचे अथवा अग्निरोधक मातीचे अस्तर, म्हणजेच लायनिंग, द्यावे लागते. हे अस्तर ओले असता उपयोगी नाही, नव्हे घातक आहे. कारण पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सतराशे पट जागा मागते, आणि ती न मिळाल्यास वितळलेला धातू आसपासच्या माणसांच्या अंगावर उसळतो. म्हणून कवचास बारीक छिद्रे ठेवतात आणि लेडल बर्नरखाली घालून तापवितात. त्या छिद्रांतून प्रथम वाफेच्या बारीक धारा निघतात, मग त्या विरळ होतात, शेवटी थांबतात. अस्तर आतून लाल होईपर्यंत जाणता ओतारी धातूस हात लावू देत नाही. माझ्या मते साऱ्या ओतकामात याहून महत्त्वाचा दस्तूर दुसरा नाही.

लेडलच्या दोन बाजूंस जे भक्कम दांडे असतात ते ट्रनियन, आणि त्यांना पेलून क्रेनच्या आकड्यास अडकणारी कमान ती बेल. ट्रनियन भरल्या लेडलच्या गुरुत्वमध्याच्या किंचित वर बसवितात, जेणेकरून पात्र आपणहून कलंडू नये. अस्तरावर धातूचे थर साचत गेले, तर हा हिशेब चुकतो. कलविण्याचे काम हातचाकाचे. त्यामागील पेटीत वर्म गिअर असतो, ज्याची खुबी अशी की चाक फिरविले तर लेडल वळते, पण लेडलच्या भाराने चाक मात्र फिरत नाही.

ओतावयाची चोच ती लिप. वितळलेल्या बिडावर हलकी धातुमळी तरंगते, आणि ती साच्यात गेली की ओतिवात डाग व पोकळ्या राहतात. यावर तोड म्हणून चहाच्या किटलीसारखी तळातून धातू घेणारी टीपॉट लेडल निघाली, जिच्यातील आडवी भिंत मळीस अडविते. पोलादासाठी तळालाच नोझल ठेवून ते स्टॉपरच्या दांड्याने उघडण्या-मिटण्याची रीतही आहे. लहान ओतशाळांत मात्र अजून दोघे कामगार शँकच्या लांब दांड्यांत पात्र धरून चालतात, तेव्हा दोघांची पावले जुळली पाहिजेत.

मराठवाड्यातून ओतशाळांत कामास जाणाऱ्या तरुणांना एकच विनंती: पहिल्या दिवशी पगाराची चौकशी अवश्य करावी, पण लेडल कोठे वाळवितात, कोण तपासतो, हे तिच्या आधी विचारावे.