सुटे भाग आणि त्यांचा सांधा

अवयव आणि अवयवी हा आपला जुना वाद. आज तो संगणकात पाहू.

1973 मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने ‘पाइप’ आला. एका प्रोग्रॅममधून निघालेलं थेट दुसऱ्यात जाणार. प्रत्येकाने एकच काम करायचं आणि शक्यतो साध्या मजकुरात बोलायचं. मजकूरच का? तर उद्या लिहिलेल्या प्रोग्रॅमलाही तो वाचता येतो.

2010 मध्ये लिनक्ससाठी सिस्टमडी आलं. आधी फक्त यंत्र सुरू होताना सेवा उठवायच्या, मग नोंदी, लॉगिन, बरंच काही. 2014 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत समसमान मतं पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी स्वीकारलं गेलं; नाराजांनी ‘देवुआन’ ही वेगळी चूल मांडली.

हा एकच अजस्र प्रोग्रॅम आहे, असं म्हणतात. तसं नाही हो, आत कितीतरी वेगळे प्रोग्रॅम आहेत. (आणि जुन्या सुरुवातीच्या स्क्रिप्टा काही फार देखण्या नव्हत्या!) मग तक्रार कशाची? आम्हाला वाटतं, सांध्याची. एक भाग काढून तिथे परक्याने लिहिलेला बसतो का? नोंदी सिस्टमडी बायनरी फाइलीत ठेवतं. शोध झटपट होतो, पण साध्या एडिटरात ती फाइल वाचता येत नाही. तरी त्याच नोंदी जुन्या सिसलॉगकडे पाठवता येतात, म्हणजे हा सांधा उघडा आहे. लॉगिनचा तसा नव्हता. सिस्टमडीशिवाय ग्नोम चालवू पाहणाऱ्यांना शेवटी सिस्टमडीचाच तेवढा तुकडा उसवून ‘एलॉगइंड’ करावा लागला.